गोठवलेले बीज आणि बदलीचा हुकूम

नऊ-दहा वर्षांच्या मुलीस हाडाचा कर्करोग होतो. उपाय असतो; परंतु तो उपायच इतका दाहक असतो की, रोग हटला तरी तिच्या अंडाशयातील बीजे त्यात जळून जाण्याचे भय असते. वयात आलेल्या स्त्रीची पक्व बीजे आधी काढून ठेवता येतात. या मुलीत अजून एकही बीज पक्व झालेले नाही. अशा वेळी शल्यवैद्य पोटास लहानशी छिद्रे पाडून तिचे एक अंडाशय, किंवा त्याचा काही भाग, काढून घेतात. त्याची वरची साल, जाडी जेमतेम एक मिलिमीटर, पट्ट्यापट्ट्यांनी सोडवतात आणि शून्याखाली 196 अंश सेल्सिअसवर द्रवरूप नायट्रोजनात ठेवून देतात. मुलगी बरी होते, मोठी होते, संसार मांडते. दहापंधरा वर्षांनी तीच पट्टी तिच्या शरीरात परत बसवली असता काही महिन्यांत जागी होते, आणि तीतून बीज तयार होऊ लागते.

ही गोष्ट आता कल्पितकथेतली राहिलेली नाही. या मार्गाने जगात दोनशेहून अधिक मुले जन्मास आली आहेत. शीतनाच्या या विद्येचा इतिहास सांगताना सहसा लंडन, एडिंबरो, मेलबर्न, ब्रुसेल्स अशी नावे घेतली जातात. त्या मालिकेत एक नाव कलकत्त्याचे असावयास हवे. आणि आपण मंडळी पोटापाण्यासाठी ज्या शहरात येऊन राहिलो, त्याच्या इतिहासातले हे पान आपण तरी वाचले पाहिजे, असे मला वाटते. शिवाय त्या पानावर बदलीचा हुकूम आहे, रजेचा नाकारलेला अर्ज आहे आणि चौकशी समितीचा अहवाल आहे. हे साहित्य आपल्या ओळखीचे आहे.

प्रथम शीतनाविषयी. जिवंत पेशीचा बहुतेक भाग पाण्याचा. ते पाणी आतल्या आत गोठले की त्याचे स्फटिक होतात आणि पेशीचा आतून चक्काचूर करतात. म्हणून गोठवण्याआधी पाणी बाहेर काढावयास हवे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांस पाणी सुटते, हे आपल्या घरातील बायकांस कोणी शिकवावे लागत नाही. जवळपास तेच येथे करावयाचे असते. मात्र पाणी फार गेले आणि क्षार फार साठले तरी पेशी मरते. तेव्हा पाण्याची जागा घेईल, पण पेशीस बाधणार नाही, असा एखादा पदार्थ हवा. तो सापडला 1949 साली, लंडनजवळच्या मिल हिल येथील संशोधनसंस्थेत, आणि तोही चुकीने. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. एके दिवशी प्रयोग अचानक साधला. बाटलीतील द्रावण तपासले तेव्हा कळले की, वर चिठ्ठी साखरेची असली तरी आत ग्लिसरीन होते. चिठ्ठी आणि वस्तू यांची फारकत झाल्याने जगाचे कल्याण झाल्याची अशी उदाहरणे थोडीच असतील. दहा वर्षांनी, 1959 मध्ये, त्याच संस्थेतील जेम्स लव्हलॉक आणि बिशप यांनी ग्लिसरीनहून झटपट पेशीत शिरणारा दुसरा पदार्थ दाखवून दिला : डायमिथिल सल्फॉक्साइड. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

अंडाशयाचे शीतनही नवे नव्हे. उंदराच्या जातीच्या प्राण्यांची अंडाशये गोठवून, पुन्हा रोवून, ती काम करतात असे पार्क्स आणि स्मिथ यांनी 1953 सालीच दाखवले होते. आणि 1960 मध्ये डेल्फीन पॅरट या विदुषीने अशा गोठवलेल्या अंडाशयापासून उंदरीस पिले झाल्याचे प्रसिद्ध केले. उंदराच्या भ्रूणाची पाळी त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे 1972 मध्ये आली. आपल्याकडे तोवर शीतनाचा उपयोग होता तो मुख्यत्वे गुरांसाठी. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरळीकांचन येथे स्थापलेल्या संस्थेने गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या पुढे महाराष्ट्राच्या गोठ्यागोठ्यांत नेल्या, हे पुणे जिल्ह्याकडच्या वाचकांस ठाऊक असेलच. गाईच्या बाबतीत ज्यास सुधारणा म्हटले, तेच मनुष्याच्या बाबतीत उच्चारताच भुवया उंचावल्या, यात नवल नाही.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म 16 जानेवारी 1931 रोजी हजारीबाग येथे झाला. 1955 साली ते कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. 1958 मध्ये त्यांनी प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि 1967 मध्ये एडिंबरो विद्यापीठाची दुसरी, या वेळी प्रजननाच्या अंतःस्रावांवर. अशा पदव्या घेतलेला मनुष्य त्या काळी परदेशातच राहावयाचा. हे परत आले, आणि राज्य सरकारच्या वैद्यकीय नोकरीत अध्यापन करू लागले. त्यांस दोन साथीदार मिळाले. एक, जादवपूर विद्यापीठातील अन्नतंत्रज्ञानाचे प्राध्यापक सुनीत मुखर्जी, ज्यांस शीतनाचे मर्म ठाऊक होते. दुसरे, स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. शरीरक्रिया जाणणारा एक, अन्न टिकवण्याचे शास्त्र जाणणारा एक आणि शस्त्रक्रिया करणारा एक. मोठ्या संस्थेने ठरवूनही अशी जोडणी सहसा केली नसती; त्यासाठी लागणारा ठराव कोणत्या खात्याने मांडावयाचा, यावरच वर्ष गेले असते.

त्यांच्यापुढे आलेल्या स्त्रीच्या बीजवाहिन्या निकामी होत्या. इंग्लंडात रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो याच अडचणीशी झगडत होते. त्यांची रीत अशी की, स्त्रीच्या नैसर्गिक ऋतुचक्रात पक्व होणारे एकच बीज पोटात दुर्बीण घालून काढावयाचे, बाहेर फलित करावयाचे आणि त्याच चक्रात गर्भाशयात सोडावयाचे. मुखोपाध्यायांनी तीन ठिकाणी वेगळी वाट धरली. पहिली गोष्ट, संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व करून घेतली. दुसरी, ती पोटातून न काढता योनिमार्गाने काढली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फलित होऊन आठ पेशींचे झालेले भ्रूण त्यांनी लगेच गर्भाशयात सोडले नाही. इंजेक्शनांनी ज्या शरीरात एवढी उलथापालथ झाली आहे, त्या शरीरात गर्भ रुजण्यास योग्य स्थिती नसणार, असा त्यांचा तर्क. म्हणून डायमिथिल सल्फॉक्साइडाचा उपयोग करून ते भ्रूण त्यांनी गोठवले, 53 दिवस तसेच ठेवले आणि स्त्रीचे शरीर मूळपदावर आल्यानंतर, नैसर्गिक चक्रात, गर्भाशयात सोडले.

यातील शहाणपण डॉक्टर नसलेल्यालाही कळण्याजोगे आहे. पेरणीला बी तयार आहे, पण वाफसा नाही. तेव्हा बी राखून ठेवावे.

कलकत्त्यात त्या वर्षांत वीज दिवसातून कितीदा जाई, याच्या कथा जुने लोक अजून सांगतात. अशा शहरात भ्रूण 53 दिवस गोठवून ठेवला, यावर लोकांचा विश्वास बसेना. परंतु द्रवरूप नायट्रोजनास विजेची गरज नसते. तो थर्मासच्या धर्तीच्या भांड्यात राहतो आणि हळूहळू उडून जातो. तेवढी भर घालत राहिले की झाले. हा खुलासा दोन वाक्यांचा आहे, तरी तो ऐकून घेणारा मिळावा लागतो.

1978 च्या सप्टेंबरअखेर बंगालात महापूर आला. कलकत्त्याचे रस्तेही पाण्याखाली गेले. ते पाणी ओसरते न ओसरते तोच, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, या स्त्रीस मुलगी झाली. दिवस पूजेचे होते, म्हणून तिला दुर्गा म्हणू लागले. इंग्लंडात ल्युईझ ब्राऊन जन्मली ती 25 जुलै 1978 रोजी. दोन जन्मांत अंतर जेमतेम सत्तर दिवसांचे.

मुखोपाध्यायांनी राज्याच्या आरोग्य खात्यास आपला अहवाल सादर केला आणि त्याच वर्षी शीतनविज्ञानाच्या एका भारतीय नियतकालिकात लहानसे टिपण छापले. 18 नोव्हेंबर 1978 रोजी राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. दासगुप्त समिती या नावाने ती ओळखली जाते. अध्यक्ष होते रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक. इतर विषयांचे जाणकार सभासद होते, पण शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याच्या या नव्या शास्त्रात काम केलेला एकही नव्हता. तेव्हा भारतात असा मनुष्य होता तरी कोण? मुखोपाध्यायच होते, आणि ते आरोपीच्या जागी बसले होते. समितीने दावा खोटा ठरवला.

समितीची बाजूही मांडली पाहिजे. कचेरीत टिपणी लिहिणाऱ्या मनुष्यास, पुढ्यात आलेल्या कागदावर जेवढे आहे तेवढ्यावरच मत द्यावे लागते, याची जाणीव असते. कागद थोडे होते. मुलीच्या घरच्यांस गाजावाजा नको होता, त्यामुळे त्यांस पुढे आणता येत नव्हते. रुग्णाचे नाव राखणे हा वैद्याचा धर्म मुखोपाध्यायांनी पाळला. छापलेले टिपण त्रोटक होते आणि तेही वैद्यकाच्या नव्हे, शीतनाच्या पत्रिकेत. शंका घेणे गैर नव्हते. गैर होते ते पुढचे. शंका असेल तर पुरावा आणखी मागावयाचा, प्रयोग पुन्हा करावयास साधने द्यावयाची, बाहेरच्या जाणकारास बोलवावयाचे. ‘सिद्ध झालेले नाही’ आणि ‘खोटे आहे’ या दोन शेऱ्यांत किती अंतर आहे, हे फायली हाताळणाऱ्या कारकुनासही समजते. समितीस ते समजू नये याचा विस्मय वाटतो.

1979 मध्ये क्योटो विद्यापीठाने आपले काम मांडण्यासाठी त्यांस जपानात बोलावले. जपानी संशोधक ऐकावयास तयार होते. जाण्यास परवानगी मिळाली नाही. मग बदली झाली बाँकुड्यास, कलकत्त्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटरांवर, जेथे त्यांच्या प्रयोगांची कसलीही सोय नव्हती. प्रयोग चालू ठेवावयाचे तर कलकत्त्यास येरझारा घालणे आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेला. जून 1981 मध्ये पुन्हा बदली झाली, ती कलकत्त्यातील नेत्रविज्ञान संस्थेत. ज्याने आयुष्यभर स्त्रीबीजाचा अभ्यास केला, त्यास डोळ्यांच्या विद्युत्क्रियेचे प्राध्यापकपद! हुकूम नियमबाह्य होता असे म्हणता येणार नाही. बदल्यांचे हुकूम नियमबाह्य क्वचितच असतात. आपल्यापैकी कित्येकांस अशी एखादी बदली सोसावी लागली असेल, आणि बिऱ्हाड हलले, मुलांची शाळा बुडाली, एवढ्यावर ती निभावलीही असेल. या मनुष्याजवळ हलवण्याजोगे बिऱ्हाड एकच होते, त्याचे काम, आणि तेच त्यास हलवता आले नाही. 19 जून 1981 रोजी त्यांनी राहत्या घरी आपले जीवन संपवले. वय पन्नास.

त्यानंतर जगात काय घडले, ते थोडक्यात. 1981 च्या डिसेंबरात अमेरिकेत या रीतीचे त्यांचे पहिले मूल जन्मले, ते संप्रेरकांची इंजेक्शने देऊन. 1983 मध्ये मेलबर्नच्या ॲलन ट्राउन्सन आणि लिंडा मोर यांनी गोठवलेल्या आठपेशी भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे जाहीर केले, आणि 1984 साली तेथे जन्मलेली मुलगी गोठवलेल्या भ्रूणापासून झालेले जगातले पहिले मूल म्हणून नोंदली गेली. दशक संपण्याआधीच बीजे योनिमार्गाने काढण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. आज तर अनेक ठिकाणी सर्व भ्रूण आधी गोठवावयाचे आणि शरीरास विसावा देऊन पुढच्या चक्रात सोडावयाचे, अशीच प्रथा आहे. मुखोपाध्यायांच्या तिन्ही वाटा राजरस्ते झाले. एडवर्ड्स यांस 2010 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच मिळाले.

आता परळकडे वळू. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच असलेल्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश. कागदपत्रे चोख होती, कोणास शंका घेण्यास जागा नव्हती, आणि भारतातील पहिली टेस्ट-ट्यूब बेबी म्हणून या मुलीचे नाव साऱ्या देशात झाले. महाराष्ट्रास अभिमान वाटला, तो वाटावयासच हवा होता.

अकरा वर्षांनी, 1997 च्या फेब्रुवारीत, आनंद कुमार एका परिषदेसाठी कलकत्त्यास आले. मुखोपाध्यायांच्या स्मरणार्थ व्याख्यान द्यावयाचे होते. येथे त्यांच्या हाती मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी आणि पत्रव्यवहार आला. त्यांनी तो वाचून काढला, दुर्गेच्या आईवडिलांशी बोलणे केले आणि एप्रिल 1997 च्या ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून सांगितले की, भारतातील पहिल्या टेस्ट-ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय हेच होत. याचा अर्थ पहिलेपणाचा मान स्वतःच्या नावावरून त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. त्यांच्यावर कोणाचे दडपण नव्हते. मुखोपाध्याय जाऊन सोळा वर्षे झाली होती, समितीचा अहवाल त्यांच्या विरुद्ध होता, आणि मुंबईचा दावा पाठ्यपुस्तकांत जाऊ शकत होता. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत आदरणीय वाटते ते हे कृत्य. शोध लावण्यास बुद्धी लागते. लागलेल्या शोधाचा मान, खातरी पटताच, दुसऱ्यास देण्यास काय लागते, त्यास शब्द शोधावा लागेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2005 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्गेच्या जन्माची नोंद घेतली. तत्पूर्वी, पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, दुर्गा स्वतःच लोकांसमोर आली होती. मुखोपाध्यायांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन रमापद चौधुरींनी ‘अभिमन्यू’ कादंबरी लिहिली आणि तीवरून तपन सिन्हांनी 1990 साली ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट काढला. तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात संशोधन कुष्ठरोगावरील लसीचे दाखवले आहे, त्यामुळे पाहणाऱ्यास मूळ विषयाचा पत्ता लागत नाही. चित्रपट चांगला आहे. इतिहास म्हणून मात्र तो पाहू नये.

भ्रूणाचे शीतन रूढ झाले तरी ज्या स्त्रीस नवरा नाही, किंवा जी अजून बालिकाच आहे, तिला त्याचा उपयोग नव्हता. म्हणून लक्ष पुन्हा अंडाशयाकडे वळले. जन्माच्या वेळी मुलीच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईतो तीनचार लाख उरतात. ती जवळजवळ सारी वरच्या सालीत, अपक्व आणि निद्रिस्त असतात. आकाराने लहान आणि पाणी कमी, म्हणून गोठण्यास सोयीची. 1994 मध्ये रॉजर गॉस्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरो येथे मेंढीवर हा प्रयोग साधला. मुखोपाध्याय ज्या शहरात शिकले तेच हे शहर. 1997 मध्ये ब्रुसेल्सच्या जॅक डोनेझ यांनी कर्करोग झालेल्या एका तरुणीच्या अंडाशयाच्या पट्ट्या गोठवल्या. 2003 मध्ये त्या तिच्या शरीरात परत बसवल्या आणि सप्टेंबर 2004 मध्ये तिला मूल झाले. गोठवताना वापरलेला पदार्थ होता डायमिथिल सल्फॉक्साइड, आणि थंड करण्याची रीत होती सावकाश, पायरीपायरीने. अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने 2019 मध्ये या उपचारास ‘प्रायोगिक’ हे विशेषण लावणे सोडून दिले.

पट्टी परत बसवल्यावर तीतून केवळ बीज मिळते असे नव्हे. बंद पडलेले ऋतुचक्र सुरू होते, हाडांना लागणारी संप्रेरके शरीर पुन्हा आपली आपण तयार करू लागते. काही वर्षांनी पट्टी थकते. मग राखून ठेवलेली दुसरी बसवता येते. अडचण रक्ताच्या कर्करोगात आहे. तेथे पट्टीतच रोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात, आणि बऱ्या झालेल्या मुलीच्या शरीरात आपणच रोग परत पेरण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णांत वैद्य पट्टी बसवावयास कचरतात. पट्टीतील बीजे प्रयोगशाळेतच पक्व करता येतील काय, याचा शोध चालू आहे.

बंगालच्या दृष्टीने एक उदाहरण विशेष आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात विकार या प्रांतात बराच आढळतो. दर तीनचार आठवड्यांनी मुलास रक्त देण्यासाठी रुग्णालयात नेणारी कुटुंबे आपल्या शेजारीपाजारीही दिसतात. त्यावर अस्थिमज्जा बदलणे हा उपाय आहे, परंतु त्याआधी जी औषधे द्यावी लागतात, ती अंडाशयास घातक. दुबईतील अशाच एका मुलीचे अंडाशय ती आठनऊ वर्षांची, वयात न आलेली असताना, इंग्लंडात लीड्स येथे काढून गोठवले गेले. मज्जा बदलली, मुलगी बरी झाली. पुढे डेन्मार्कात त्या पट्ट्या तिच्या शरीरात बसवल्या, आणि डिसेंबर 2016 मध्ये लंडनला तिला मुलगा झाला. त्या वेळी ती चोवीस वर्षांची होती.